सरखेल, सारंग आणि अ‍ॅडमिरल : अधिकाराचे शब्द समुद्रावर आले कुठून?

४ डिसेंबर २०२३. नौदल दिनाचा मुख्य कार्यक्रम त्या वर्षी तारकर्लीच्या किनाऱ्यावर झाला. शेजारी मालवण, समोर सिंधुदुर्ग किल्ला. त्या व्यासपीठावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं की नौदलातल्या हुद्द्यांना भारतीय परंपरेनुसार नावं दिली जातील. त्या आठवड्यात माझ्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येत होता, "अ‍ॅडमिरलला आपला शब्द काय गं? तुझा विषयच आहे ना तो?"

माझा विषय म्हणजे कोकण किनाऱ्यावरची हुद्द्यांची नावं आणि त्यांचा इतिहास. लोकांना उत्तर आधीच ठाऊक होतं, माझ्याकडून फक्त शिक्का हवा होता. उत्तर होतं 'सरखेल'. कान्होजी आंग्र्यांचा किताब. मीही तेव्हा झटकन 'हो' म्हणून टाकलं. मग रात्री कोश उघडले आणि आपण किती घाईने मान डोलावली ते कळलं. पुढचं सगळं त्या रात्रीपासून जमत गेलेलं आहे. तुमच्यापैकी जे शब्दांच्या इतिहासावर संशोधन करायचं म्हणताय, त्यांनी हे माझ्या चुकांसकट वाचावं.

'सरखेल' फोडून बघू. 'सर' हा फारसी शब्द, अर्थ डोकं, मुख्य. सरदार, सरनौबत, सरसुभेदार यांतला तोच. सरपंचातलाही तोच, तिथे त्याने थेट संस्कृत 'पंच'शी संसार मांडलाय. (आपल्या विभागातले 'सर' मात्र वेगळे, ते इंग्रजीतून आले आणि त्यांचं मूळ लॅटिनमध्ये आहे. सारखा दिसला की सगा समजायचं नाही, हा धडा इथेच घ्या.) आता 'खेल'. याचा खेळाशी संबंध नाही. अरबी 'खैल' म्हणजे घोडे, घोडदळ. फारसीत त्याचा अर्थ टोळी, पथक असाही पसरला. म्हणजे सरखेल कोण, तर घोडेस्वारांच्या तुकडीचा म्होरक्या.

घोडेस्वारांचा. आणि आपण त्याला बसवलाय गुराबावर, गलबतावर!

गंमत इथे संपत नाही. चौदाव्या शतकातला दिल्लीचा इतिहासकार झियाउद्दीन बरनी फौजेची एक उतरंड सांगतो. दहा स्वारांवर एक सरखेल. दहा सरखेलांवर एक सिपहसालार. दहा सिपहसालारांवर एक अमीर, दहा अमिरांवर एक मलिक, दहा मलिकांवर एक खान. प्रत्यक्षात फौज इतकी दशमान पद्धतीने चालत असेल यावर माझा विश्वास नाही, आणि तुम्हीही पटकन ठेवू नका. हिशोब जरा जास्तच नीटनेटका आहे. पण शब्दांचा क्रम त्यातून नक्की कळतो. सरखेल सगळ्यात खाली होता. आजच्या भाषेत बोलायचं तर दहा माणसांचा नाईक.

त्याच शब्दाने साडेतीनशे वर्षांनी कान्होजी आंग्रे ओळखले गेले, ज्यांच्यापुढे मुंबईचे इंग्रज, गोव्याचे पोर्तुगीज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या तिघांनाही वचकून राहावं लागत होतं. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या बाजूला आले आणि सरखेली त्यांच्याकडे कायम झाली. कान्होजींची मुद्रा संस्कृतात आहे आणि त्या मुद्रेत हा शब्द 'सरखेलस्य' असा येतो. अरबी-फारसी शब्दाला संस्कृतची षष्ठी! ज्यांनी मुद्रा घडवली त्यांना त्यात काही खटकलं नाही. तीनशे वर्षांनी आपल्याला खटकावं का, हा प्रश्न मी स्वतःला बऱ्याचदा विचारते.

आणखी एक नोंद घ्या. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमाराला जमिनीवरच्या हुद्द्यांची नावं बदलली गेली. सरनौबताचा सेनापती झाला, डबीराचा सुमंत, वाकनिसाचा मंत्री. राज्यव्यवहारकोश त्याच धोरणातून तयार झाला. असं असूनही पुढे कान्होजींना मिळालेला आणि अठराव्या शतकात गाजलेला किताब 'सरखेल'च. का? माझा अंदाज असा की तोवर हा शब्द कुणाला फारसी वाटतच नव्हता. अंदाज म्हणतेय, सिद्ध केलेलं नाही. प्रबंधात हे वाक्य मी 'संभवतः' लावूनच लिहिलंय.

आता दुसरी बाजू. ज्या 'अ‍ॅडमिरल'ला हटवून सरखेल आणायचा, तो अ‍ॅडमिरल कोण? बरनीच्या उतरंडीतली तिसरी पायरी आठवा: अमीर. अरबीत 'अम्र' म्हणजे आज्ञा, 'अमीर' म्हणजे आज्ञा देणारा. 'अमीर-अल-' म्हणजे 'अमुक गोष्टीचा अमीर'. भूमध्य समुद्राच्या काठच्या लोकांनी ही पदवी अरबांकडून उचलली, पण 'कशाचा' ते मागे टाकलं आणि नुसतं 'अमीर-अल' घेऊन गेले. लॅटिन आणि फ्रेंच वळणं घेत, मध्ये एक 'ड' चिकटवून घेत, तो इंग्रजीत अ‍ॅडमिरल झाला. म्हणजे अ‍ॅडमिरलच्या शेवटी जो 'ल' आहे तो अरबी उपपद 'अल'चा उरलेला तुकडा आहे.

हाच अमीर आपल्याकडे जमिनीवरून आला आणि नुसता श्रीमंत होऊन बसला. आज 'अमीर माणूस' म्हटलं की बंगला-गाडी डोळ्यांसमोर येते, हुकूम नाही. 'अमीर-उमराव' या जोडशब्दात तर एकच शब्द दोनदा आहे, कारण 'उमरा' हे अमीरचं अरबी अनेकवचन. तेव्हा अ‍ॅडमिरल आणि सरखेल हे एकाच फौजेतले दोन हुद्देदार निघाले, एक हजारांचा आणि एक दहांचा. एकाला इंग्रजांनी समुद्रावर नेलं, एकाला आपण. यात परका कोण आणि घरचा कोण, ते ठरवायला कोश अपुरा पडतो.

इथे एक खड्डा आहे, त्यात मी पडले होते म्हणून सांगते. माझ्या पहिल्या टिपणात मी 'अमीर' आणि 'अंमल', 'अंमलदार' हे एकाच धातूखाली टाकले होते. अर्थ जवळचे, आवाज जवळचा, मग काय हवं! मार्गदर्शक बाईंनी लाल पेनाने एवढंच लिहिलं, "मूळ लिपीत पाहिलंत का?" नव्हतं पाहिलं. 'अमीर'ची सुरुवात अलिफने होते, 'अमल'ची 'ऐन' या वेगळ्या व्यंजनाने. आणि शेवट पाहा, एकाचा 'र', दुसऱ्याचा 'ल'. धातूच वेगळे. 'अमल' म्हणजे काम, कृती. त्यावरून कारभार, त्यावरून सत्ता. देवनागरीत दोन्हींना एकच 'अ' मिळतो आणि आपण फसतो. फारसी-अरबी शब्दांवर काम करायचं असेल तर निदान लिपी वाचण्यापुरती शिका, दोन-तीन महिने लागतात. माधव जूलियन म्हणजे माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा 'फार्शी-मराठी कोश' जवळ असू द्या. पण कोशात मिळालं म्हणजे झालं असं नाही.

कारण यापेक्षा मोठी चूक मी 'सारंग' या शब्दाच्या बाबतीत केली.

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सारंग आणि तांडेल ही आडनावं भरपूर. संशोधनाच्या आराखड्यात मी 'सारंग' संस्कृत म्हणून नोंदवला होता. संस्कृतात सारंग आहेच: ठिपकेदार, हरीण, चातक, मोर असे त्याचे कितीतरी अर्थ. शिवाय सारंग राग आहे. मी छान लिहिलं होतं, लाटांवर हरणासारखी पळणारी होडी वगैरे. सादरीकरणात एका परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हरणाला होडीवर कुठल्या कागदात पाहिलंत?" वर्ग हसला. मीही हसले, पण घरी जाताना हसू येत नव्हतं. (बरं झालं, त्यांना सरंगा मासा आठवला नाही. पापलेटाच्या जातकुळीतला. त्यालाही मी या कुळात ओढलं असतं.)

मग असं काही आढळलं की तपासायचं कसं? मी तीन गोष्टी करायला शिकले, आणि त्या तिन्ही सारंगाला लावून दाखवते.

पहिलं, तो शब्द शेजारच्या बंदरांवर काय म्हणून वावरतो ते पाहायचं. बंगालीत 'सारेंग' म्हणजे जहाजावरचा खलाशांचा प्रमुख. शहीदुल्ला कैसर यांची १९६२ ची कादंबरी आहे 'सारेंग बौ', सारेंगाची बायको. तिच्यावर पुढे चित्रपटही निघाला. इंग्रजीत 'सेरँग', युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन'मध्ये तो नोंदलेला आहे. आता हरणापासून निघालेला शब्द मालवणपासून चितगावपर्यंत सगळीकडे नेमका खलाशांच्या म्होरक्यालाच चिकटेल, हे कसं शक्य आहे? सगळ्या बंदरांवर तोच हुद्दा असेल तर शब्द जहाजाबरोबर फिरलेला असणार.

दुसरं, आवाजाचा हिशोब. फारसीत 'सरहंग' म्हणजे सैन्यातला अधिकारी, नायक. इराणच्या सैन्यात आजही कर्नलला सरहंगच म्हणतात. मधला 'ह' बोलताना गळला आणि राहिला सारंग. बंगाली आणि इंग्रजी रूपांतही तो 'ह' नाही. एकट्या मराठीत गळला असता तर मी अजून शंका घेतली असती.

तिसरं, कागद. शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या प्रमुखांमध्ये मायनाक भंडारी आणि दौलतखान यांच्याबरोबर 'दर्यासारंग' हे नाव येतं. सभासद बखरीत दर्यासारंग मुसलमान असल्याचं नमूद आहे. 'दर्या' फारसी, सागर. 'दर्यासारंग', म्हणजे सागरावरचा सरहंग. दोन्ही तुकडे एका भाषेतले, अर्थ हुद्द्याला चपखल, आणि हुद्दा धारण करणारा माणूस कागदात समोर उभा. माझं हरीण इथे बुडालं.

तुम्ही म्हणाल, एवढ्याशा व्युत्पत्तीने काय बिघडतं? मलाही आधी तसंच वाटायचं. पण पाहा, 'दर्यासारंग' हा किताब इतका रूढ झाला की त्या माणसाचं नाव आपण सहसा घेतच नाही. किताब हीच त्याची उरलेली खूण. ती खूण मी संस्कृत हरणाच्या कातड्यात गुंडाळून ठेवली असती, तर ज्या माणसाने मालवणच्या या पाण्यात जहाजं चालवली तो माझ्या प्रबंधातून पुसला गेला असता. वाईट हेतूने नव्हे, निव्वळ आळसाने. उलट टोकाची चूकही तितकीच वाईट: 'शब्द फारसी, म्हणजे परका' म्हणायचं आणि ज्यांच्या दारावर पिढ्यान्‌पिढ्या 'सारंग' ही पाटी आहे त्यांना आपल्याच गावात पाहुणे करून टाकायचं. ती आडनावं मासेमारांची आहेत. कोशातल्या भाषेच्या रकान्यावरून माणसाचं गाव ठरत नाही.

आता मागे वळून सगळे शब्द एका ओळीत ठेवा. सरखेल घोडदळातला. सरहंग सैन्यातला. अमीर फौजेतला. त्यात चौथा घाला, 'लष्कर'. मराठीत लष्कर म्हणजे फौज, पण हाच शब्द युरोपीय जहाजांवर जाऊन 'लास्कर' झाला आणि त्याचा अर्थ हिंदी खलाशी असा ठरला. आगबोटींच्या काळात हजारो लास्कर इंग्रजी जहाजांवर राबले आणि त्यांना गोळा करून आणणारा, त्यांच्याकडून काम करून घेणारा असायचा सारंग. हे मला टेबलावर पत्ते मांडल्यासारखं दिसलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते: अधिकाराचे शब्द जमिनीवरच्या फौजेतून समुद्रावर उतरलेत. खुद्द 'आरमार' घ्या. तो पोर्तुगीज 'आर्मादा'वरून आला असं मानलं जातं, आणि त्याच्या मुळाशी शस्त्रं आहेत, पाणी नाही.

याला एक ठसठशीत अपवाद आहे, नाखवा. फारसी 'नाखुदा': 'नाव' म्हणजे नौका आणि 'खुदा' म्हणजे धनी. नावेचा धनी. यातली फारसी 'नाव' आणि आपली 'नाव' या सख्ख्या बहिणी. संस्कृत 'नौ' आणि इराणी 'नाव' दोन्ही एकाच जुन्या घरातल्या. म्हणून इथे 'फारसीवरून मराठीत आला' हे 'नाखवा' या अख्ख्या शब्दाबद्दल लिहायचं, 'नाव' या तुकड्याबद्दल नाही. उसना शब्द वेगळा आणि नात्यातला वेगळा. मौखिक परीक्षेत हा प्रश्न हमखास येतो.

फौज खुष्कीवर, दफ्तर खुष्कीवर, किताब देणारा दरबारही खुष्कीवर. त्यामुळे समुद्रावरच्या माणसाला मान द्यायचा तर दरबाराच्या पेटीत जे किताब होते त्यांतलेच निघणार. अधिकार वरून मिळतो तेव्हा त्याचं नावही वरूनच येतं. आंग्र्यांच्या घराण्यात याची पुढची पायरी दिसते. १७२९ मध्ये कान्होजी वारले. मुलांत भाऊबंदकी माजली तेव्हा पेशव्यांनी घराणंच वाटून दिलं: मानाजींकडे कुलाबा आणि 'वजारतमाआब' किताब, संभाजींकडे 'सरखेल'. शब्द तोच राहिला, ताकद अर्धी झाली. पुढे तुळाजींच्या वेळी, फेब्रुवारी १७५६ मध्ये, पेशवे आणि इंग्रज एकत्र आले आणि विजयदुर्ग पडला, आंग्र्यांचं आरमार तिथे जळालं. विजयदुर्ग आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातच, देवगड तालुक्यात. किताब देणाऱ्या घराने पाठ फिरवली, त्यापुढे किताबाच्या व्युत्पत्तीला कोण विचारतो?

राहिला तांडेल. हा मात्र वरून आलेला दिसत नाही. एक मत त्याला 'तांडा'शी जोडतं, तांड्याचा पुढारी. दुसरं मत मल्याळममधल्या वल्ह्याच्या शब्दाकडे, 'तंडु'कडे बोट दाखवतं. तेलुगूतही त्याचं भावंड आहे. वाद मिटलेला नाही आणि माझ्या प्रबंधात मी तो मिटवलेला नाही; दोन्ही मतं लिहून पुढे गेले. तुम्हीही असं करायला लाजू नका.

पण तांडेलाने मला एक वेगळीच गोष्ट दाखवली. इंग्रजी आगबोटींवर सारंग वर आणि 'टिंडल' म्हणजे तांडेल त्याच्या हाताखाली. हॉब्सन-जॉब्सन वाचून मी हाच क्रम वहीत लिहिला आणि मालवणच्या किनाऱ्यावर गेले. तिथे मासेमारीच्या बोटीवर सर्वोच्च माणूस तांडेल! जाळं कुठे टाकायचं, माघारी कधी वळायचं, सगळं तो ठरवतो. बाकीचे खलाशी. सारंग नावाचा हुद्दाच बोटीवर नाही. कागदावरून काढलेला क्रम एका जहाजापुरता खरा होता, दुसऱ्या होडीवर तो उलटा पडला. तेव्हापासून हुद्द्याच्या प्रत्येक नोंदीपुढे मी तीन रकाने ठेवते: कुठलं जहाज, कोणता काळ, हुकूम कोण ऐकतं. व्युत्पत्तीचा रकाना चौथा.

जेटीवर जाळं विणत बसलेल्या एका वयस्क तांडेलकाकांना मी हा सगळा पसारा सांगितला. सरहंग, बरनी, अ‍ॅडमिरल, सगळं. त्यांनी सुई थांबवली नाही. मला वाटलं ऐकत नाहीयेत.

"तुझा सगळा बरोबर असात गो," ते म्हणाले. "पण आमच्या होडयेर तांडेल मी, आडनाव माझा वेगळाच. सारंग आडनावाचो झील माझ्याकडे खलाशी आसा. आणि तांडेल आडनावाचो एक आसा, तो मुंबयत बँकेत."

"मग काका, होडीवर तुमचं ऐकतात ते कशामुळे?"

"वारो सुटलो की माझ्या तोंडाकडे बगतत," ते म्हणाले, आणि मला जाळ्याचं दुसरं टोक धरायला सांगितलं.